बारांपैकी तिघे

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये १७ जणांना गोळ्या घालून ठार मारणाऱ्या तरुणाने गुन्हा आधीच कबूल केला होता. ज्यूरीपुढे प्रश्न उरला एकच: मृत्युदंड की मरेपर्यंत तुरुंगवास?

ऑक्टोबर २०२२ मध्ये बारा जण बंद खोलीत बसले. त्यांनी बंदूक पाहायला मागितली. चर्चा दुसऱ्या दिवसावर गेली आणि मृतांचे आईबाप आणखी एक रात्र ताटकळले. निकालही एका वाक्यात आला नाही. एकेका खुनाचा निर्णय वेगळा वाचला गेला. सतराही वेळा जन्मठेपच! हा सोपस्कार कायदेशीर खरा, पण ऐकणाऱ्यांसाठी निर्दयच.

मृत्युदंडाला एकमत लागत होते, तिघे अडले.

संतापाच्या लाटेत २०२३ मध्ये फ्लोरिडाने कायदाच बदलला. आता मृत्युदंडाच्या शिफारशीला आठ मते पुरतात.