मंदावलेला दिवा

घरात इस्त्रीची सोलवटलेली वायर बॉडीला टेकली आणि अर्थिंग धड असले, तर फ्यूज उडतो. आपण वैतागतो, पण जीव वाचतो तो त्यामुळेच. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतला मुलगा ज्या मालवाहू बोटीवर राबतो, तिथे बहुधा असे होत नाही, आणि तेही मुद्दामच. तिथली ४४० व्होल्टची यंत्रणा पोलादी सांगाड्याला जोडलेलीच नसते. भर वादळात एका तारेपायी सुकाणूची मोटर थांबली, तर सारे जहाजच संकटात! म्हणून पहिला दोष जहाज पोटात घालते.

खबर देतात ते स्विचबोर्डवरचे तीन दिवे. एक मंदावतो, दोन अधिक उजळतात. पंप चालू, पंखे चालू, गॅलीत भात शिजतोय. मग धावणार कोण? पण आता उरलेल्या दोन तारा आणि पायाखालचे पोलाद यांच्यात पुरता ४४० व्होल्टचा दाब असतो. एरवी तो अडीचशेच्या आसपास. त्यात इंजिनरूमचा उकाडा, घामाने चिंब बॉयलरसूट. ओली कातडी विजेला फारशी अडवत नाही.

दोष शोधायचा म्हणजे एकेक सर्किट बंद करून दिवे न्याहाळायचे. कंटाळवाणे काम. बहुधा गॅलीतला हीटर नाहीतर डेकवरचा पाणी शिरलेला दिवा सापडतो. मग खटका बंद करून कुलूप घालायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मीटरने पाहिल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. कुलूप नसले, तर बंद खटका पाहून कोणी तरी भला माणूस तो चालू करतो.