मुलांची पहिली मोटार

मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली, की घरात मोटारीचा विषय निघतो. ‘शिकताना थोडीफार घासणारच, तेव्हा एखादी जुनी, स्वस्तातली घेऊ,’ असे आपण ठरवतो. पण घरातल्या सर्वांत नवख्या चालकाला सर्वांत कमी संरक्षण देणारी गाडी का द्यायची?

जुनी गाडी जरूर घ्या. फक्त किमतीच्या आधी उत्पादनाचे वर्ष विचारा. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी, तर २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग आवश्यक ठरली. त्यामुळे शक्यतो २०२२ नंतरचीच गाडी पाहावी. मात्र पट्टा बांधलेला नसेल, तर एअरबॅगच इजा करू शकते.

टायरच्या बाजूवरचे चार अंकही वाचा. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुने रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड सुटते.

आणि किल्ली द्यायची ती परवाना मिळाल्यावरच. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

रंग मुलांना निवडू द्या. ब्रेक, पट्टे आणि टायर मात्र आपण पाहावेत.