मीठ-मोहऱ्या आणि मोज्यातला केस

आमच्या घरातले तीन महिन्यांचे बाळ एका संध्याकाळी अचानक किंचाळू लागले. दूध घेईना, कुशीत राहीना. शेजारच्या मावशी मीठ-मोहऱ्या घेऊन धावल्या. दृष्ट लागली म्हणे! भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि आम्ही गप्प उभे. लिहितानाही लाज वाटते. शेवटी सूनबाईंनीच बाळाचे कपडे उतरवले. मोज्याच्या आत, पायाच्या बोटाला त्यांचाच गळालेला केस करकचून गुंडाळलेला. बोट सुजून लालबुंद. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी बाईचे केस गळतात, त्यातून हे घडते. केस काढायला दवाखाना गाठावा लागला.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके दिले की आपण हळहळतो. आपल्या घरातले मीठ वेगळे आहे काय?

बांधवांनो, बाळ एकाएकी बिथरले तर आधी उघडे करून नखशिखान्त पाहा. जांघेत गाठ आहे का तेही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, हिरवी उलटी झाली, ते मलूल पडले, तर रात्रीच डॉक्टरांकडे न्या. काहीच सापडले नाही तर? सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे शिगेला पोचते, तीन-चार महिन्यांत ओसरते. तोवर आईला झोपू द्या, बापाने बाळ घ्यावे. संताप आला तरी गदागदा हलवू नका. पाळण्यात ठेवून दोन मिनिटे दाराबाहेर उभे राहा.