पठारावरच्या पवनचक्क्या आणि नजरेआडचे बदल

काळाचौकी-लालबागच्या कापडगिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत होत्या, तोवर त्यांच्या ऊर्जेची किंमत धुराच्या रूपाने गिरणगावालाच मोजावी लागत असे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा त्या किमतीचा काही भाग लोणावळा परिसरात धरणांखाली गेलेल्या जमिनींच्या वाट्याला आला. घाटमाथ्यावर येणारा विजेचा हा भार पुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रूपाने उभा राहिला.

वाऱ्यापासून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वारे थेट अंगावर घेणारी उंच पठारे या यंत्रांना सोयीची ठरतात. मात्र त्याच उंचीमुळे ती कोसभर अंतरावरूनही नजरेत भरतात, आणि स्थिर वस्तूपेक्षा फिरती वस्तू डोळ्याला चटकन जाणवत असल्याने फिरणारी पाती क्षितिजाची शांतता अधिकच मोडतात. हा दृश्य उपद्रव कमी व्हावा म्हणून त्यांना आकाशात मिसळणारा पांढरा किंवा फिकट राखाडी रंग दिला जातो. माणसाच्या सोयीचा हा रंग पक्ष्यांच्या सोयीचा असेलच असे नाही : नॉर्वेतील स्मोला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच यंत्रांवरील प्रयोगात आढळले.

पठारावरचा खोल बदल मात्र दुरून दिसत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि त्यामुळे जांभ्या दगडाच्या सड्यावरील ‘सरडा सुपर्बा’ या सरड्यांची दाटी वाढली होती. या सरड्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नसत. पण त्यांची अंगकाठी कृश होती आणि नरांच्या गळ्याखालील निळ्या-काळ्या-नारिंगी झालरीचे रंगही फिके होते. अन्नसाखळीतील शिखरस्थ भक्षक हटला की परिणाम एकेक पायरी खाली उतरत जातो, तसेच येथे घडले. शिकारी पक्ष्यांवरच्या भक्षकाची भूमिका जणू यंत्राने घेतली.

पवनऊर्जेमुळे कोळसा जळत नाही, हे तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनप्रकल्पांचा समावेश नसल्याने असे परिणाम यंत्रे उभी राहिल्यावरच मोजले जाण्याची शक्यता वाढते. आयुष्य सरलेली लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी थोडी पण मोठी यंत्रे बसवण्याच्या धोरणाने जागा नव्याने निवडण्याची संधी मिळते, आणि ती निवड करताना वाऱ्याच्या नोंदींबरोबर पक्ष्यांच्या व सरड्यांच्या नोंदीही हाताशी असणे आवश्यक आहे.