नाकापेक्षा मोती जड नको

मुलीला कानातलं घ्यायला आपण सराफ्यात जातो तेव्हा काय काय पाहतो? खडा पाहतो, घडण पाहतो, वजन आणि मजुरी विचारतो. कानामागे काय बसणार आहे, हे मात्र क्वचितच कुणी दागिना उलटून पाहतं. मुलीच्या कातडीला रात्रंदिवस लागून राहणार असते ती तर हीच बाजू.

आम्ही दौलताबादला मुलींना शिकवतो. बहुतेक जणी स्कार्फ किंवा ओढणी बांधून येतात. एखादी सारखी कानामागे हात नेताना दिसली की समजावं, कानातल्याची दांडी मागून टोचते आहे, नाहीतर फिरकीत ओढणीचा धागा अडकला आहे. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं, "होईल सवय." पण रात्री कुशीवर झोपलं की दांडी रुतते आणि दिवसा स्कार्फ तिला दाबून धरतो. अशा टोचण्याची सवय होत नाही. मुलगी बोलायची तेवढी थांबते.

यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे सपाट पाठीचं कानातलं. नेहमीच्या कानातल्याची दांडी खड्याला जोडलेली असते आणि कानातून आरपार गेल्यावर तिचं टोक फिरकीच्या मागे उरतं. सपाट पाठीच्या प्रकारात रचना उलटी असते. दांडी मागच्या चपट्या चकतीला जोडलेली असते. ती कानामागून घालायची आणि खडा समोरून फिरवून किंवा दाबून बसवायचा. मागे टोक राहत नाही, धागा अडकत नाही आणि तेल-साबण साचायला फिरकीच्या खाचाही नसतात. दुकानात 'फ्लॅट बॅक' किंवा 'लॅब्रेट' म्हणून मागावं. ओळखीचा सोनार असेल तर त्याला नमुना दाखवून सोन्यातही करून घेता येईल.

हल्ली मुली कानाची वरची कड टोचून घेतात म्हणून काही घरांत नाराजी असते. पण बुगडी ही वरच्या कानाचीच, आणि दख्खनी घरांतल्या जुन्या स्त्रियांच्या कानाच्या कडेला बाळ्यांची ओळ असे. फरक समजून घ्यायचा तो कातडीचा. कानाच्या पाळीचं भोक साधारण 6 ते 8 आठवड्यांत बरं होतं. वरची कड कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची. तिला रक्त कमी मिळतं, त्यामुळे तिथे 6 महिन्यांपासून वर्षभर लागू शकतं. तोवर मागून दाब पडत राहिला तर जखम चिघळते. सपाट पाठीची खरी गरज आहे ती इथेच.

माप नीट घ्यावं. नव्याने टोचल्यावर सूज येते, म्हणून सुरुवातीची दांडी थोडी लांब हवी. ती आखूड पडली तर सुजलेल्या पाळीत फिरकी रुतून बसते आणि लहान मुलींच्या बाबतीत ती डॉक्टरांकडून काढून घ्यायची वेळ येते. सूज पूर्ण उतरल्यावर दांडी आखूड करावी. जाडीही विचारावी. नेहमीच्या कानातल्याची तार 0.8 मिलिमीटरच्या आसपास असते, तर सपाट पाठीच्या तयार दांड्या बहुधा 1 किंवा 1.2 मिलिमीटरच्या असतात. जुन्या भोकात जाड दांडी जोर लावून घालू नये.

आता धातू. खाज, लाली आणि पाणी सुटणं याला पुष्कळदा निकेल कारणीभूत असतं. स्वस्त इमिटेशन दागिन्यांत ते सर्रास आढळतं. युरोपात तर टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यांतून किती निकेल सुटावं यावर कायद्याने मर्यादा आहे. 'सर्जिकल स्टील'मध्येही निकेल असतं, तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांनी शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम घ्यावं. 'एफ 136' ही त्याची खूण आहे. 22 कॅरेटचं सोनंही बहुतेकींना सोसतं. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकतं, म्हणून विचारून घ्यावं.

1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो. पण 2 ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. नाकातली चमकी बहुधा त्याहून हलकीच असते. म्हणून पावतीवर कॅरेट लिहून घ्यावं, आणि दांडी व फिरकीही त्याच सोन्याची आहे का, हे विचारावं.

नाकाची काळजी जरा जास्तच घ्यावी. चमकीची फिरकी ढिली होऊन श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या नळीत गेल्याची प्रकरणं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. सपाट चकती आतून बोचत नाही, पण समोरचा खडा सुटला तर तीही आत निसटू शकते. आठवड्यातून एकदा स्वच्छ हातांनी दागिना घट्ट आहे ना, हे पाहावं.

वुजू आणि गुसल यांचाही विचार हवा. दागिना घट्ट असेल तर गुसलच्या वेळी तो हलवून भोकापर्यंत पाणी पोहोचवावं, असं आपल्या घरांत शिकवलं जातं. जखम भरल्यावर दांडीला किंचित मोकळीक ठेवली तर हे सहज होतं. जखम ताजी असताना मात्र दागिना फिरवू नये, असं आता डॉक्टर सांगतात. तेवढ्या दिवसांपुरतं काय करावं, हे जाणत्या आलिमांना विचारून घ्यावं.

सोनारानेच कान टोचावेत अशी म्हण आहे. कोणीही टोचो, सुई नवी, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी. वरच्या कानाला टोचण्याची बंदूक लावू देऊ नये, तिच्या आघाताने कूर्चेला इजा होते. जखमेवर हळद, तेल किंवा स्पिरिट नको, सलाईनचं पाणी पुरेसं आहे. वरचा कान लाल, गरम होऊन ठणकू लागला तर वाट पाहू नये. घाटी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग आपल्यापासून फार लांब नाही. उशीर झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. मुलीला सराफ्यात सोबत न्या आणि तिला विचारा. दागिना तिला अंगावर बाळगायचा आहे. पैसे देण्याआधी तो उलटा करून मागची बाजू आपल्या अंगठ्यावर दाबून पाहा. आपल्याला टोचली तर तिच्या कानामागेही टोचेल.