रोलर कोस्टरचा फेरा गोल का नसतो?

मढीच्या किंवा मोहट्याच्या यात्रेत तुम्ही आकाशपाळण्यात बसला असाल, तर एक अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. पाळणा माथ्यावरून खाली निघाला की पोटात गोळा येतो आणि तळातून जाताना अंग जड होऊन बैठकीवर दाबले जाते. समजा, पाळण्याच्या चक्राची त्रिज्या 8 मीटर आहे आणि एक फेरी 12 सेकंदांत पुरी होते. अशा वेळी 50 किलो वजनाच्या मुलाला माथ्यावर आपण सुमारे 39 किलोचे आणि तळाशी सुमारे 61 किलोचे झाल्यासारखे वाटते. एवढ्या फरकानेच आपण ओरडतो! मग ज्या गाडीत माणूस चक्क उलटा होतो, तिच्यात काय होत असेल?

हा प्रश्न आमच्या महाविद्यालयात एका सहलीनंतर निघाला. अहिल्यानगरहून आमची मुले खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात गेली होती. तेथे 2013 साली सुरू झालेला ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर आहे. त्याची रचना स्वित्झर्लंडमधील बोलिगर आणि माबिलार्ड या कंपनीची. एका फेरीत माणूस पाच वेळा उलटा होतो. परत आल्यावर मुलांना दुसरे काही सुचेना. मधल्या सुट्टीत फळ्यावर नव्या रोलर कोस्टरचे आराखडे निघू लागले. एकाने कंपास घेऊन सुरेख गोल फेरा काढला. दुसरा म्हणाला, “फोटोत तर हा फेरा कधी गोल दिसत नाही. पाण्याचा थेंब उलटा धरावा तसा दिसतो. वर गोलसर आणि खाली निमुळता.” वाद माझ्याकडे आला.

आपण गोल फेऱ्यापासूनच सुरुवात करू. त्याची त्रिज्या 10 मीटर समजा, म्हणजे उंची झाली 20 मीटर. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी 10 मीटर प्रति सेकंद वर्ग धरू आणि घर्षण सोडून देऊ.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. त्यामुळे निर्माण होणारे त्वरण काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागायचे. माथ्यावर हे काम निदान वस्तूच्या वजनाने तरी भागले पाहिजे. म्हणजे तेथे वेगाचा वर्ग कमीत कमी 10 × 10 = 100 हवा. याहून वेग कमी असेल तर बसलेला माणूस बैठकीतून खाली लोंबू लागेल. पाण्याची बादली उभी गरागरा फिरवताना हात मंदावला की पाणी डोक्यावर येते, ते याच कारणाने.

आता गाडी माथ्यावरून तळाला येते. 20 मीटर खाली येताना स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते आणि वेगाच्या वर्गात 2 × 10 × 20 = 400 ची भर पडते. तळाशी वेगाचा वर्ग झाला 500. त्याला त्रिज्येने भागले की त्वरण येते 50, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या पाचपट. शिवाय माणसाचे स्वतःचे वजन बैठकीला तोलावे लागतेच. एकूण झाले सहापट!

सहापट म्हणजे किती? माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. त्या क्षणी मानेवर 27 ते 30 किलोचा भार येतो. कांद्याची अर्ध्याहून अधिक भरलेली गोणी डोक्यावर ठेवावी, तसेच हे झाले. रक्तही खाली पायांकडे ओढले जाते. मेंदूला पुरेसे रक्त मिळाले नाही तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

एक मुलगा लगेच म्हणाला, “सर, सोपे आहे. वर्तुळ मोठे करू. वळण सौम्य होईल.” खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. मी फळ्यावर त्रिज्या 20 मीटर घेतली. माथ्यावर वेगाचा वर्ग आला 200. 40 मीटर उतरल्यावर त्यात 800 ची भर पडून तळाशी झाला 1000. त्याला 20 ने भागले की पुन्हा 50! वर्ग क्षणभर गप्प झाला. त्रिज्या वाढवली की लागणारा वेगही वाढतो आणि भागाकारात त्रिज्या उडून जाते. फेरा लहान असो की डोंगराएवढा, तो गोल असेल तर तळाशी सहापट भार ठरलेलाच.

ही चूक पूर्वी प्रत्यक्षात घडलेली आहे. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी सुरू झाली. तिचा फेरा गोल होता. बसणाऱ्यांच्या माना दुखावू लागल्या आणि काही वर्षांतच ती बंद पडली. 1901 मध्ये एडविन प्रेस्कॉट यांनी तेथेच लंबगोल फेऱ्याची गाडी उभारली. ती पहिलीपेक्षा बरी होती. पण पुढे कित्येक वर्षे उभ्या फेऱ्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

मग उपाय काय? एकाच त्रिज्येचा हट्ट सोडायचा. वर वेग कमी असतो, तेथे त्रिज्या लहान ठेवायची. खाली वेग जास्त असतो, तेथे मोठी. उंची तीच 20 मीटर ठेवू, पण माथ्यावरील त्रिज्या 5 मीटर घेऊ. माथ्यावर वेगाचा वर्ग 50 पुरतो. तळाशी तो होतो 50 + 400 = 450. तेथे त्रिज्या 22.5 मीटर ठेवली तर त्वरण येते 20, म्हणजे दुप्पट. माणसाचे वजन मिळवून एकूण तिप्पट. सहापटीचा भार निम्म्यावर आला, आणि तोही फक्त आकार बदलून!

अजून एक अडचण उरतेच. सरळ रूळ संपून एकदम वळण सुरू झाले, तर भारही एकदम वाढेल आणि मानेला हिसका बसेल. म्हणून वळण हळूहळू घट्ट होत गेले पाहिजे. करंजी घाटातून एस.टी.ने जाताना चालकाकडे पाहा. तो स्टिअरिंगचे चाक झटकन फिरवत नाही, सावकाश फिरवत नेतो. वेग कायम ठेवून चाक एकसारखे फिरवत नेले, तर गाडीच्या मार्गाची वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढते. अशा वक्राला क्लोथॉइड म्हणतात. ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकातच त्याचा अभ्यास केला होता. लोहमार्गावर सरळ भाग आणि वळण यांना जोडताना अभियंते याच जातीचा वक्र वापरतात.

1976 साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात ‘रेव्होल्यूशन’ हा रोलर कोस्टर सुरू झाला. अँटोन श्वार्झकोफ यांनी तो बांधला आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने त्याच्या फेऱ्याला क्लोथॉइडचा आकार दिला. तेव्हापासून उलटा थेंब सगळीकडे दिसू लागला. आता संगणकावर रुळाच्या प्रत्येक बिंदूवरील भार आधी काढतात आणि त्याप्रमाणे आकारात बारीक फेरफार करतात. माथ्यावर वेग किमान वेगाहून थोडा जास्तच ठेवतात. गाडीची चाके रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडे असतात; त्यामुळे वेग कमी पडला तरी गाडी रूळ सोडत नाही.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात तसली लवचीक नळी उभी चिरून तिची पन्हाळी करा. तिचा एक उभा फेरा वळवा आणि उंचावरून गोटी सोडा. गणिताप्रमाणे गोटी तळापासून त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून सोडली तर तिने गोल फेरा पुरा करायला हवा. प्रत्यक्षात थोडी जास्त उंची लागेल. घर्षण आणि गोटीचे स्वतःभोवती फिरणे यांत काही ऊर्जा जाते. मग फेऱ्याची उंची तीच ठेवून माथा अरुंद करा आणि पुन्हा मोजा. आता गोटी आधीपेक्षा कमी उंचीवरून सुटूनही फेरा पुरा करते का?

आमच्या फळ्यावरचे ते सुरेख वर्तुळ त्या मुलाने स्वतःच पुसले आणि तेथे थेंब काढला. तो कंपासने काढता येत नाही, म्हणून थोडा वेडावाकडा आला. पण त्यात बसणाऱ्याची मान शाबूत राहील, हे त्याला आता हिशेबाने सांगता येत होते.