वाळूवरचे गाव

रायपूरहून दक्षिणेस निघालेला रस्ता अभनपूरला फुटतो. एक वाट धमतरीकडे जाते. दुसरी नवापाऱ्यावरून महानदी ओलांडून राजिमला पोहोचते. अभनपूरच्या या फाट्यावर एकेकाळी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून लहानशी आगगाडी धावत असे आणि माघ महिन्यात राजिमच्या यात्रेकरूंनी ती फुलून जाई. ते अरुंद रूळ आता राहिले नाहीत. मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर या टप्प्यात रुंद मार्गावरील गाडी सुरू झाली. जेथे पोहोचणे सोपे होते, तेथे माणसे वाढतात. ती वाढू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या भूमीवर ती उतरतात ती भूमी किती सोसू शकते, आणि तिच्यावर पाहुण्यांसाठी बांधावयाचे ते कसे बांधावे, याचा विचार मात्र आधी करावयास हवा.

राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात तेथे विस्तीर्ण जलराशी असते. माघापर्यंत पाणी आटते आणि वाळूचे रुंद पात्र उघडे पडते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंतचा पंधरवडा येथे मेळा भरतो. पंढरपूरचे वाळवंट ज्याने पाहिले आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. पाले, राहुट्या, दुकाने, पाणपोया, कीर्तनाचे मंडप, असे एक गावच वाळूवर उभे राहते.

ही वाळू म्हणजे रिकामी जागा, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. दोन कणांमधल्या पोकळीत वाळू पाणी धरून ठेवते, ते गाळते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पुरवते. नदी वरून कोरडी दिसली तरी हातभर उकरले की झिऱ्याला पाणी लागते, ते याचमुळे. आता या वाळूवर मोटारी जाव्यात म्हणून मुरूम पसरला, तर काय होते ते पाहा. मुरमातील बारीक माती कणांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसते. वर कठीण थर धरतो, पाणी आत मुरत नाही, आणि जेथे वाळू हलती असावयास हवी तेथे बेशरमाची झुडपे मूळ धरतात. रस्ता पंधरा दिवसांसाठी घातलेला असतो. त्याचा परिणाम पंधरा दिवसांनी संपत नाही. शौचकूप खणण्याचेही तसेच. काळ्या जमिनीत जी घाण बराच काळ एका जागी राहील, ती वाळूतून पाझरून झिऱ्याच्या पाण्याशी लवकर जाऊन मिळते.

मुरूम निदान खरवडून काढता तरी येतो. सिमेंटचे तसे नाही. नाशिकला २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास गोदावरीच्या पात्रात काँक्रीट घालण्यात आले. हेतू यात्रेकरूंच्या सोयीचाच होता. परंतु त्या थराखाली जुनी कुंडे आणि त्यांचे झरे झाकले गेले, आणि पुढे ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्या पाण्यासाठी लोक आले, त्याचीच वाट सोयीने बुजवली.

मग नदीच्या पात्रात काहीच बांधू नये काय? याचे उत्तर राजिमच्या संगमातच उभे आहे. कुलेश्वर महादेवाचे प्राचीन मंदिर ऐन पात्रात, उंच अष्टकोनी दगडी जोत्यावर बांधलेले आहे. त्याने नदी अडवलेली नाही. पूर आला की पाणी जोत्याच्या कोनांवर दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. देऊळ वर कोरडे राहते. जागा थोडी घ्यावी आणि पाण्याला वाट द्यावी, हा त्या जुन्या शिल्प्यांचा धडा आहे. अलीकडे काठावरून या मंदिराकडे जाण्यासाठी झुलता पूल झाला. मार्गभर पात्र भरून न काढता माणसे वरून नेण्याची ही रीत त्या धड्याशी जुळती आहे.

अशी कायमची वस्तू पात्रात एखाददुसरीच असावी. बाकी सारे उतरवता येईल असेच असावे. शौचालये, स्वयंपाकघरे, दवाखाना आणि मोटारतळ पूररेषेच्या वर, काठावर बांधावेत. तेथे दगड-विटांचे पक्के काम करण्यास हरकत नाही. पात्रात मात्र बांबू, बल्ल्या, तट्टे आणि सुंभ. छत्तीसगड हा भाताचा मुलूख. पायवाटेवर अंथरावयास पेंढा तेथे वाटेल तितका मिळतो. खिळ्याऐवजी गाठ मारली, तर बांबू पुढल्या वर्षी पुन्हा कामास येतो आणि वाळूत लोखंड उरत नाही. आणि नकाशा काढणाऱ्याने उभारणीइतकाच उतरणीचा नकाशाही काढावा. कोणती वस्तू कोणत्या दिवशी निघेल, कोठे ठेवली जाईल, तिचा खर्च कोण देईल, हे आधी लिहिलेले नसेल, तर ते काम अपुरे समजावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. म्हाताऱ्या माणसाला, पांगळ्याला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला वाळूत चालवत नाही. त्यांना टणक वाट हवी. ती द्यावीच. प्रयागच्या माघमेळ्यात वाळूवर लोखंडी पत्रे अंथरून रस्ते करतात आणि तरंगत्या पिंपांवर पूल बांधतात. मेळा संपला की ते सारे उचलता येते. टणक वाट म्हणजे कायमची वाट नव्हे. वाट एक असावी, आखलेली असावी, म्हणजे उरलेली वाळू पायांखालून सुटते.

२०२५ साली राजिमच्या मेळ्यासाठी काठावरील चौबेबांधा येथे नवे मैदान वापरात आले. पात्रावरचा भार हलका करण्याचा तो एक मार्ग खराच. तरीही स्नानासाठी लोक पाण्यापाशी उतरणारच, आणि उतरतील तेथे काही ना काही उभारावे लागणारच. त्या वेळी कसोटी एकच लावावी. आषाढात पहिला पूर येऊन गेल्यावर, येथे माघात हजारोंचे गाव वसले होते, असे पात्राकडे पाहून कोणाला ओळखू येऊ नये. ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो तेथे भिंती उभारीत नाही. निघताना अंथरूण घडी करून ठेवतो. नदीकडे जाणाऱ्याने एवढे सौजन्य पाळले, तर पुढच्या माघातही झिऱ्याला पाणी लागेल.